मुठीची ज्वारी

आमच्या मंडळीत संशय शिरला तो चपलांच्या वाटेनं.

दारव्ह्याला मिशनच्या कंपाउंडात राहायचो आम्ही. एका अंगाला दवाखाना, मधे चर्च, मागे ओळीनं आमची घरं. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. चर्चमध्ये तेव्हा बाकं नव्हती. बाया डावीकडच्या सतरंजीवर, माणसं उजवीकडच्या, आणि चपला सगळ्यांच्या बाहेर पायरीपाशी. माझी सासू बायबलबाई होती. म्हणजे घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची, आणि रविवारी कोण आलं नाही त्याची दुसऱ्या दिवशी चौकशी करायची. उपासना सुरू झाली की ती दारात उभी राहून एकदा चपलांवरून नजर फिरवायची आणि मगच आत यायची. अख्ख्या मंडळीच्या चपला तिला पाठ होत्या. कुणी नवी चप्पल घेतली तर बिचाऱ्याची गैरहजेरी लागायची.

हसू नका. त्या दिवसांत गैरहजेरी म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

माझं लग्न छप्पन सालच्या उन्हाळ्यात झालं, आणि त्याच दसऱ्याला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली. आमची बहुतेक घरं दोन-तीन पिढ्यांआधी गावाबाहेरच्या वस्तीतूनच ख्रिस्ती झालेली. सोयरेधायरे सगळे अजून त्याच वस्त्यांमध्ये. ते सगळे उठून नागपूरला गेले, कुणी रेल्वेनं, कुणी ट्रकनं, कुणी पायी, अंगावर पांढरे कपडे घालून. बाजारात पांढरी साडी औषधालाही मिळेना. परत आले ते मान वर करून आले, बोलणंच बदललं त्यांचं. मग आमच्यातलेही काही जण चुळबुळ करू लागले. एक घर रविवारी आलं नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक. भांडण नाही, तंटा नाही, नुसती सतरंजीवर जागा रिकामी व्हायची आणि शेजारची बाई सरकून पदर पसरून बसायची, म्हणजे रिकामं दिसू नये.

माझे आईबाप पहिल्या झटक्यालाच मंडळी सोडून गेले. बाभुळगावकडच्या एका खेड्यात माझा बाप मिशनच्या शाळेवर चौकीदार होता. निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. सासू चुलीपाशीच होती. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, तव्यावरची पोळी उलटवली, आणि म्हणाली, "आजपासून तुह्यं माहेर बंद."

"काहून, आत्याबाई? मी थोडीच गेली?"

"गेली नाईस. पण जाशील."

एवढ्यावर थांबली असती तर मग ती सासू कसली! उठली, माझी पेटी उघडली आणि माझी लग्नातली साडी काढली. आमच्यात नवरी पांढरीच साडी नेसते. माझी रेशमी होती, बारीक चंदेरी काठाची, माझ्या आईनं कुठून कुठून जमवून घेतलेली. ती तिनं स्वतःच्या ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, आणि चावी कमरेला खोचली. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पांढऱ्या साडीशिवाय दीक्षा होत नाही, बाजारात साडी नाही, तेव्हा साडी कुलपात असली म्हणजे सूनही कुलपात. बाई वं! एवढं शास्त्र वाचलेली बाई, आणि धर्म साडीला बांधून ठेवू पाहत होती. मला रडूही आलं आणि हसूही.

मला फक्त आईला भेटायचं होतं. त्या सगळ्या वर्षांत मी दुसरं काही मागितलं नाही. धर्म बदलायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला शास्त्र आवडायचं, गाणी आवडायची, आणि खरं सांगायचं तर कंपाउंडातल्या विहिरीवर मला कुणी बाजूला हो म्हणत नव्हतं, तेही आवडायचं. दर नाताळाला मी ह्यांच्यामागे लागायची, की दोन दिवस सोडून या मला. हे म्हणायचे, "माय म्हणून राह्यली ना नको म्हणून." त्यांचा अख्खा संसार या एका वाक्यावर चालला होता.

आईचा निरोप एका कासारणीकडून यायचा. ती बाई बाभुळगावचा बाजार करून आमच्याकडे बांगड्या घेऊन यायची. हातात बांगडी चढवता चढवता हळूच सांगायची, "तुह्या मायनं विचारलं, बरी हायस का." मी म्हणायची, बरी आहे म्हणा. एकदा सासूनं पाहिलं, माझ्या हातात चढलेल्या बांगड्या आणि बोलणं यांचा हिशेब काही तिला जुळला नाही, आणि त्या दिवसापासून कासारणीला कंपाउंडाचं फाटक बंद. पुढं नाताळातही माझे हात जुन्याच बांगड्यांत राहिले.

पाळत तर अशी की विचारू नका. गाताना माझे ओठ हलतात की नाही, प्रार्थनेत डोळे मिटतात की किलकिले राहतात, सगळं बघायची. आणि तिची मुख्य कसोटी म्हणजे मूठ. आमच्यात बाई स्वयंपाकाला बसली की शिजवायच्या धान्यातून एक मूठ आधी बाजूला काढते, देवाची म्हणून. दारव्ह्याकडे ज्वारीच जास्त, म्हणून ज्वारीची. ती मडक्यात साठवायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या टोपलीत ओतायची. कुणाची ज्वारी किती, हे टोपलीपाशी बसलेल्या माझ्या सासूला आवाजावरून कळायचं. मूठ हलकी झाली की ती म्हणायची, "हे घर थंड होऊन राह्यलं." आणि सांगायला वाईट वाटतं, पण बरेचदा तिचं खरंही व्हायचं. आज मूठ हलकी, चार महिन्यांनी चपला गायब. म्हणून माझ्या घरात मी मूठ काढताना ती मागे उभी राहायची. मी मुद्दाम एवढी मोठी मूठ काढायची की बोटांतून दाणे सांडायचे. घे म्हटलं, मोज.

तिला एक धाकटी बहीण होती. दारव्ह्यापासून दोन कोसांवर एका खेड्यात दिलेली. ती मावशी माझ्या लग्नात आली होती, माझ्या साडीच्या काठावरून किती तरी वेळ हात फिरवत बसली होती. मोठी बोलकी, हसरी बाई. सत्तावन्न साली ती आणि तिची मुलं मंडळी सोडून गेली. चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्या सासूला विचारलं, तुम्ही समजावलं नाही का. तेव्हा सासू भर मंडळीत उभी राहून म्हणाली, "माही बहीण मले मेली." पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मावशी आठवडी बाजाराला दारव्ह्याला यायची, आणि सासू त्या दिवशी भाजी दुसऱ्या बाजूनं जाऊन आणायची. मी दोघींनाही लांबून पाहिलंय. मधे कांद्यांचे ढिगारे, आणि दोघी दोन टोकांना.

साठ सालच्या उन्हाळ्यात, अशाच बाजाराच्या दिवशी सकाळी, मावशीच्या गावचा एक भाजीवाला फाटकापाशी येऊन सासूशी काहीतरी बोलून गेला. ती आत आली. म्हणाली, "मी एका आजाऱ्याकडे जाऊन येते," आणि कापडी पिशवी घेऊन निघाली. शास्त्र मात्र फळीवरच राहिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. बायबलबाई आजाऱ्याकडे निघाली आणि शास्त्र घरी?

दुपार कलल्यावर आली. घरात पाय न ठेवता मागच्या अंगाला गेली, मला म्हणाली, बादली भरून दे, आणि भर उन्हात डोक्यावरून पाणी घेतलं. मी बघतच राहिले. कंपाउंडातली कुणी बाई मातीवरून येऊन आंघोळ करताना दिसली की हीच सासू तिला फाडून खायची. मेलेल्याचा विटाळ मानायचा तर ख्रिस्ती कायले झाली, म्हणायची. आणि आज स्वतः? रात्री जेवलीही नाही. मूठ काढताना माझ्या मागेही उभी राहिली नाही.

मला वाटलं, ही गेली. देवाशप्पथ मला तेच वाटलं. आंघोळ करून, उपाशी राहून, ही कुठंतरी जाऊन दीक्षा घेऊन आली. नाकानं कांदे सोलणारी हीच आधी गेली! चार वर्षं माझ्यावर डोळे लावून बसलेल्या बाईवर आता मी डोळे लावून बसले. प्रार्थनेत तिचे ओठ हलतात का, बघायची. हलत नव्हते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुहं काहीतरीच."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाळकीणबाई आमच्याकडे आल्या, पाळकसाहेबांच्या पत्नी. मंडळीतल्या एका गरीब पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्याकडे पांढरी साडी नव्हती. आमच्यात तशी रीतच होती, जिच्याजवळ असेल तिनं नवरीला द्यायची, लग्न लागलं की धुऊन परत. पाळकीणबाई म्हणाल्या, "सूनबाईची साडी छान आहे, ती द्या."

सासू जागची हलली नाही. म्हणाली, "नंतर देते." पाळकीणबाई म्हणाल्या, नंतर कशाला, आता आलेच आहे तर. त्यांनी हट्टच धरला. शेवटी सासूनं कमरेची चावी काढली आणि ट्रंक उघडली. लुगडी निघाली, चादर निघाली, मेलेल्या सासऱ्यांचा कोट निघाला. साडी नव्हती.

पाळकीणबाईंनी सासूकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं. जिचं माहेर पांढऱ्या कपड्यात गेलं ती पोरगी समोर उभी असताना दुसरीकडे कोण कशाला बघेल? "कोणाला दिलीस गं?" म्हणाल्या. "की स्वतःसाठीच नेलीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सासूकडे पाहिलं. ती ट्रंकेत सामान परत रचत होती, घडीवर घडी.

दोन दिवसांत कंपाउंडभर झालं, की सून गेली, मनानं तर केव्हाचीच गेली होती, आता साडीही पोचती केली. विहिरीवर बाया माझ्याशी बोलायच्या, पण आधी एकमेकींकडे बघून. पाळकसाहेबांनी ह्यांना बोलावून सांगितलं, रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांसमोर शास्त्रावर हात ठेवून विचारू. खोटी निघाली तर तिला तिच्या घरी पोचवून द्या. हे घरी येऊन पलंगावर बसले आणि मला म्हणाले, "कबूल करून टाक ना. माफ करतील." बघा म्हणजे! चार वर्षं माहेरी सोडून या म्हणून पाया पडले तेव्हा नाही नेलं. आणि आता नेणार होते ते कायमचं टाकून यायला. मला आईकडे जायचंच होतं, पण अशी नाही. चोर म्हणून तिच्या दारात उभी राहिले असते तर तिनं मला घरात घेतलं असतं, पण ती तिथंच खचली असती.

रविवार आला. उपासना झाली, कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी शास्त्र माझ्यापुढं धरलं. तसे वाईट माणूस नव्हते ते. घरामागून घर हातातून जात होतं आणि ते घाबरले होते. म्हणाले, "ताई, खरं सांगा. साडी कुठंय?"

मी हात ठेवला. म्हटलं, "मी घेतली नाही. चार वर्षांत मी ती डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. ट्रंकेची चावी कोणाच्या कमरेले आहे ते विचारा ना!"

आवाज माझा एवढा चढला की बाहेर दवाखान्याच्या ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. ह्यांनी मान खाली घातली. आणि टोपलीपाशी बसलेली माझी सासू गुडघ्यावर हात टेकून उठली.

"साडी मी नेली," ती म्हणाली.

ती तशीच उभी राहून बोलत राहिली, कुणाकडे न बघता. "माही बहीण गेली. मले निरोप आला तवा तिले आंघोळ घालून राह्यले होते. तिच्या लग्नात तिले साडी नोती. उसनी नेसून उभी राह्यली ते इथंच, अन् दुसऱ्या दिवशी धुऊन परत केली. जन्मभर बोलून दाखवे मले, बाई, मले माही पांढरी साडी काई भेटली नाई. घरात एक होती, ते नेली. तिच्या अंगावर टाकली."

माझ्या साडीच्या काठावरून फिरणारा मावशीचा हात मला आठवला.

"या पोरीवर आळ आला अन् मी तोंड शिवून बसली," सासू म्हणाली. "त्याची कबुली देते. खोटं बोलून गेली त्याचीही देते."

इथंच मिटलं असतं. पण मागून एक जण उठला. त्याचा सोयरा मावशीच्या गावचा. म्हणाला, "तिथं त्यांच्या प्रार्थनेत या हात जोडून उभ्या होत्या. लोकांनी पाहिलं."

पाळकसाहेबांनी विचारलं, खरं का. सासू म्हणाली, खरं. त्यांनी सांगितलं, मग त्याचाही पश्चात्ताप करा, म्हणजे झालं.

"मंग काय हात झटकून उभी राहू? माही बहीण होती ते! मी तिले जित्तेपणी मेली म्हटलं, इथं, याच जागी. त्याचा पश्चात्ताप कोणी मांगला नाई मले. हात जोडले त्याचा मांगता? तो नाई करत."

नाही म्हणजे नाहीच केला. पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस तिला बंद, असं ठरलं. बायबलबाईचं कामही गेलं. पुढच्या रविवारी मी तयार होऊन बसले आणि ती भाजी निवडत बसली. म्हटलं, आत्याबाई, चला ना. "जाय तू," म्हणाली. "मले पाय भरून आले." त्या रविवारी पायरीपाशी तिची चप्पल नव्हती. ती घरात दोन वेळ प्रार्थना करायची, जेवणाआधी डोळे मिटायची, पण चर्चची पायरी तिनं पुन्हा चढली नाही. ज्या मंडळीसाठी तिनं बहीण सोडली, ती मंडळी तिला चार पावलांवर असून लांबची झाली. पाळकसाहेब एकदा येऊन गेले, पाळकीणबाई एकदा. मग सगळ्यांना तेही अंगवळणी पडलं. मला मात्र राग यायचा. आता तिची चौकशी करायला एक बायबलबाई नव्हती.

मी तिला माफ केलं होतं का? लगेच नाही. बोलत होते, पण जेवढ्यास तेवढं. मग एका सकाळी तिनं मला हाक मारली. कापडी पिशवीत माझं लुगडं, पोलकं, आणि वाटेत खायला भाकर बांधून ठेवलेली. ह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं तिनं, आणि हे कपडे घालून ओट्यावर उभे होते. मायनं सांगितलं होतं ना.

"कुठं जायचं?" मी विचारलं. खरं सांगते, अजून मनात संशयच होता, की मला पोचवूनच देतात की काय.

"मायले भेटून ये," सासू म्हणाली. "मी मेल्यावर गेली. तू जित्तेपणी जा."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आई अंगणात ज्वारी पाखडत होती. अंगावर पांढरं लुगडं. मला पाहून उठली, सूप हातातच, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "सासूनं हाकललं का वं?" म्हटलं, नाही माय, तिनंच धाडलं. तिला पटेना. ओट्यावर बसलेल्या जावयाकडे बघून बघून तिनं तीन वेळा विचारलं. मग कुठं सूप खाली ठेवलं आणि मला जवळ घेतलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकाला बसली. भाकरीसाठी ज्वारी काढली, आणि जात्याकडे वळायच्या आधी त्यातून एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकली. मी बघत होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "हाताले सवय हाय. तुहा बाप हसते मले. मडकं भरलं का पाखराले टाकते, दारी कोणी आलं तर देते." मग म्हणाली, "आता तू आली, तर तूच ने." म्हटलं, माय, मी ही चर्चमध्ये ओतीन. ती म्हणाली, "ओत. ज्वारी हाय ते. तिले काय समजते?"

घरी आले तर इकडे सासूचंही मडकं काठोकाठ. मी नसताना ती रोज मूठ काढत होती. नेणार कोण होतं, तर मीच.

पहिल्या रविवारी मी दोन्ही मडक्यांतली ज्वारी टोपलीत ओतायला गेले. आता टोपलीपाशी पाळकीणबाई बसायच्या. माझी ज्वारी पडत राहिली, पडतच राहिली. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, तसंच, जुन्या नजरेनं.

"एवढी कशी?" म्हणाल्या. "आता तर तुमच्या घरून तू एकटीच येतेस."

"घरात माणसं वाढली," मी म्हटलं, आणि जाऊन सासूच्या जागेवर बसले.